ज्याची त्याची मूठ

माझे सासरे डोंगरसिंग यांच्या उजव्या हाताला कंप सुटला, हे घरातल्या कुणाच्याही आधी बसच्या ड्रायव्हरांच्या लक्षात आलं. फक्त त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला.

सासुरवाडीचा तांडा यवतमाळहून जाताना नेरच्या अलीकडे, आठ किलोमीटरवर. तांड्याच्या फाट्यावर अधिकृत थांबा नाही. सासरे स्वतः एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी सातला फाट्यावर उभे राहून हात दाखवत, बस थांबत असे आणि नेरला कॉलेजात जाणाऱ्या तांड्यातल्या नऊ पोरी आत चढत. गेल्या पावसाळ्यानंतर दाखवलेला हात हलायला लागला. ड्रायव्हरांना वाटलं, जुना माणूस आपल्याला टाटा करतोय. मग तेही मान लववत, हात हलवत आणि आदरानं पुढे निघून जात. पोरींची प्रॅक्टिकलं बुडू लागली.

नंतर पाळी आली चहाची. दिवाळीला माझा मेहुणा इंद्रजीत नागपूरहून आला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, सातव्या मजल्यावर राहतो आणि घरीसुद्धा मीटिंगमध्ये बसल्यासारखा बोलतो. वडिलांनी कप उचलला तेव्हा तो भरलेला होता. तोंडापाशी पोचेपर्यंत अर्धा उरला.

"बा, सरळ बोलतो," इंद्रजीत म्हणाला. "एकट्यानं इथं राहायचं असेल तर मला खात्री पाहिजे. जानेवारीत येतो. कपभर चहा, एक थेंब न सांडता. जमलं तर राहा. नाही तर बॅग भरायची."

"नागपुराले येऊन करू काय?"

"आराम करा."

"सातव्या माळ्यावर?"

"लिफ्ट आहे ना."

"लिफ्टमंदी आराम करू काय?"

माझी बायको रंजिता हसली. इंद्रजीत हसला नाही. त्याची आई तीन वर्षांपूर्वी याच घरात पडली होती आणि तो नागपुरात असताना गेली होती. त्यामुळे तो गमतीतली अट घालत नव्हता, आणि हे सासऱ्यांनाही कळलं. त्यांनी फडक्यानं सांडलेला चहा पुसला. पुसायला कंप असलेला हात बरा पडतो, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना यवतमाळला डॉ. प्रफुल्ल यांच्याकडे नेलं. हे मेंदूचे डॉक्टर आहेत. त्यांनी सासऱ्यांना चालायला लावलं, टाळी वाजवायला लावली, नाव लिहायला लावलं. मग पार्किन्सन, म्हणजे कंपवात, म्हणून सांगितलं, जेवणाआधी तीन वेळा घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, "आणखी काही देशी औषध वगैरे चालू आहे का?"

"नाई," सासरे म्हणाले.

"नाही," मीही म्हणालो. आमच्याकडे डॉक्टरला मुळ्या सांगत नाहीत आणि वैदूला गोळ्या सांगत नाहीत. दोघांचाही मान राहतो.

आता इथं माझा स्वतःचा संबंध सांगून टाकतो, म्हणजे पुढं शोधायला नको. मी यवतमाळला वनस्पतीशास्त्र शिकवतो आणि माझी पीएच.डी. खाजकुहिलीवर आहे. खाजकुहिली म्हणजे ती रानवेल, जिच्या शेंगांवरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस तासभर स्वतःलाच ओरबाडत बसतो. शेंगेत बी असते, काळसर, गुळगुळीत. तिला कवचबी म्हणतात. जुन्या वैद्यकानं ती वातावर सांगितली, अंगाच्या कंपावर सांगितली आणि शक्तीसाठीही सांगितली. पुढं शेकडो वर्षांत लोकांच्या ध्यानात फक्त शक्ती राहिली. आजही जडीबुटीच्या दुकानात कवचबी मागितली की दुकानदार आधी आपल्या मागं कुणी बाईमाणूस उभं नाही ना, ते पाहतो. गेल्या शतकात, तिशीच्या दशकात, आपल्याकडच्या रसायनवाल्यांनी या बीतून एक पदार्थ वेगळा केला. त्याचं करायचं काय, हे त्या वेळी कुणाला नीट ठाऊक नव्हतं. तीसेक वर्षांनी परदेशातल्या डॉक्टरांना उमगलं की कंपवाताच्या रोग्याच्या मेंदूत जे कमी पडतं, ते शरीर याच पदार्थापासून बनवतं. मग तो कारखान्यात तयार होऊ लागला, त्याची गोळी झाली, आणि ज्या बीला दुकानदार कुजबुजत विकतो तिचं काम औषधाच्या दुकानात उघड्यावर आलं.

हे सगळं माझ्या प्रबंधाच्या दोनशे बारा पानांत आहे. तांड्यातल्या सुखीबाईची मुलाखतही आहे. सुखीबाईचं घराणं कवचबीची दवा देणारं. ती पहाटे दवात शेंगा तोडते, कारण ओली लव उडत नाही. बी गाईच्या दुधात उकळते, साल काढते, वाळवून कुटते. माझ्या प्रश्नावलीत 'मात्रा' असा एक रकाना होता. सुखीबाई म्हणाली होती, "मूठ." मी लिहिलं: 'मुठीने (स्थानिक माप)'. कुणाची मूठ, कधीपर्यंत, हे मी विचारलं नाही. बाहेरगावच्या परीक्षकांनी त्या ओळीचं खास कौतुक केलं होतं.

तर दवाखान्यातून परतताना ऑटोत मी सासऱ्यांना व्याख्यान दिलं. "मामाजी, गंमत बघा. या गोळीत जे आहे ना, तेच तुमच्या सुखीबाईच्या बीत आहे. सेम."

"सेम?"

"अगदी सेम."

ते बस स्टँड येईपर्यंत काही बोलले नाहीत. मला वाटलं, विज्ञानानं भारावले. प्रत्यक्षात ते ड्रायव्हरसारखा विचार करत होते. घाटात एका इंजिनानं गाडी चढत नसेल आणि दुसरं इंजिन गावातच पडलेलं असेल, तर माणसानं काय करावं? त्याच आठवड्यात त्यांनी सुखीबाईची दवाही सुरू केली; मला सांगितलं नाही.

डिसेंबरात तांड्यातून बातम्या येऊ लागल्या. आधी चांगल्या. बस थांबते. चहा सांडत नाही. सदऱ्याची बटणं स्वतः लावतात. मी कॉलेजात दोघातिघांना सांगितलं की माझ्या विषयाचा हा विजय आहे.

मग बातम्यांचा सूर बदलला. रंजिता दोन दिवस माहेरी जाऊन आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "बा बसतच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे बसतच नाहीत. मी भाकरी थापली, ते दारात. भाकरी उलटली, ते अंगणात. ताट वाढलं तर विहिरीपाशी. उभ्यानं जेवले. खांदा असा असा होतो. मान अशी जाते. पाय थांबले तर कंबर हलते. तांड्यातल्या बाया म्हणतात, म्हातारा जवान झाला. होळीला तीन महिने आहेत आणि याचं अंग आत्तापासून लेंगी नाचून राहिलं."

"हात?"

"हात एकदम स्थिर. बाकी सगळं हलतंय."

मी म्हणालो, गोळ्या अंगी लागत असतील. शिकवणारा माणूस न कळलेल्या गोष्टीला लगेच नाव देतो, ही सवय चांगली नाही. पण पगार त्याचाच मिळतो.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी इंद्रजीत आला. आम्हीही गेलो. सासरे फाट्यापर्यंत घ्यायला आले होते, तिथून घरापर्यंत आमच्या गाडीच्या पुढे चालत राहिले. मधूनच वळून मागं येत, गाडीला वळसा घालत आणि पुन्हा पुढं जात. आठवड्याभरात ते दोन चपला झिजवत होते, असं शेजारच्या घरातून कळलं. चेहरा उतरला होता. गालफडं बसली होती. डोळे मात्र टक्क उघडे, ज्या माणसाला रात्र संपूर्ण पाठ झाली आहे त्याचे असतात तसे.

रंजितानं चहा केला. इंद्रजीतनं स्वतः कप काठोकाठ भरला आणि बाजेवर ठेवला. "बसा, बा."

"उभ्यानं पेतो."

"बसून प्या ना."

"बसून पेयाची अट नव्हती."

त्यांनी कप उचलला. मी आयुष्यात पाहिलेली ती सर्वांत विचित्र कसरत. डावा खांदा वर जात होता, मान उजवीकडे ओढली जात होती, गुडघे आपल्या मनानं दुमडत होते, ते अंगणात गोल गोल फिरत होते, आणि या सगळ्या हलकल्लोळाच्या मधोमध उजव्या हातातला कप पाटावर ठेवल्यासारखा निश्चल होता. तीन फेऱ्यांत चहा संपला. एक थेंबही सांडला नाही. त्यांनी रिकामा कप लेकासमोर उलटा धरला.

"झालं. राह्यलो मी इथं."

इंद्रजीतनं कप हातातून काढून घेतला. "बा, तुम्ही नाचून राहिले."

"मी नाई नाचून राह्यलो. अंग नाचून राह्यलं. अटीत अंगाचं काई नव्हतं."

"हे तर आधीपेक्षा वाईट आहे! उद्याच्या उद्या नागपूर. मोठ्या हॉस्पिटलला दाखवू."

"चहा सांडला काय? सांग. सांडला काय?"

बापलेकांचं हे चालू असताना कुडाच्या दारातून सुखीबाई आली. पंचाहत्तरीची, बारीक, हातात काठी. ती काठी टेकण्यापेक्षा बोट दाखवायलाच जास्त वापरते. ढाणकीला नातीच्या बाळंतपणासाठी ती सहा आठवडे गेली होती आणि कालच परतली होती. तिनं आम्हा कुणाकडे पाहिलं नाही. ती सासऱ्यांकडे पाहत राहिली. ते एक फेरी मारून तिच्यासमोर आले, दुसरी मारून पुन्हा आले.

"डोंगऱ्या," ती म्हणाली, "माह्या दवेचं गाडगं कुठं हाये?"

"हाये घरात."

"आन."

सासऱ्यांनी आतून गाडगं आणलं. तिनं फडकं सोडून आत हात घातला. बोटं तळाला टेकली; जेमतेम दोन-चार मुठी उरल्या होत्या.

"दोन महिन्याची दवा ठेवून गेलती मी. मूठ भरल्याले कितीक दिवस झाले?"

सासरे दुसरीकडे निघाले. तिनं काठी आडवी धरली. "इचारून राह्यली मी. कितीक दिवस?"

"...चाळीस असंन."

"अन् मंग बंद काहून नाई केली?"

मी पुढं झालो. म्हटलं, सुखीबाई, हे मूठ भरण्याचं काय आहे, जरा नीट सांगा. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझ्या तोंडी परीक्षेतले परीक्षक मायाळू वाटले.

"जवाई, तुमी तं कागद घेऊन आलते. चार दिवस लिवून राह्यले होते. थे नाई लिवलं?"

"मूठ लिहिलं होतं."

"कोनाची मूठ?"

"ते... राहिलं."

मग तिनं सांगितलं, आणि ते चार वाक्यांत संपलं. ती आपल्या हातानं दवा देत नाही. रोग्यानं स्वतः गाडग्यात हात घालून मूठ काढायची. आजार जास्त असला की मूठ हलते, सांडते, थोडीच दवा पोटात जाते; हळूहळू हात थांबतो, मूठ भरत जाते, आणि ज्या दिवशी दाणाभरही न सांडता मूठ बाहेर येते त्या दिवशी दवा बंद, हात पुन्हा हलेपर्यंत. हे तिला तिच्या सासऱ्यानं सांगितलं होतं, त्याला त्याच्या बापानं.

माझ्या दोनशे बारा पानांत हे नव्हतं. मी गाडीतून कॉलेजचा वजनकाटा काढून आणला. तो मी मुद्दाम सोबत घेतला होता असं नाही. तपासणी समिती येऊन गेल्यापासून तो माझ्या डिकीतच होता. सासऱ्यांना मूठ काढायला लावली. चौतीस ग्रॅम. मग मी त्यांना म्हटलं, पूर्वीसारखा हात हलवून काढा. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, पण गोळी आणि बी दोन्ही पोटात असताना त्यांना खोटं थरथरणं जमेना. शेवटी सुखीबाईनं त्यांचं मनगट धरून गदागदा हलवलं. अकरा.

"आणि गोळ्या?" इंद्रजीतनं विचारलं.

"थ्याही चालू," सासरे म्हणाले. "टायमावर."

सुखीबाईची काठी खाली आली. "कायच्या गोया?"

म्हणजे तिलाही सांगितलं नव्हतं. गोळ्यांनी हात थांबवला होता आणि थांबलेल्या हातानं बीची मूठ भरली होती.

"बा, तुम्हाला माहीत होतं मूठ भरली की बंद करायचं," रंजिता म्हणाली. "मग?"

सासऱ्यांचे पाय त्यांना गोठ्याकडे घेऊन गेले.

सोमवारी आम्ही पाच जण डॉ. प्रफुल्ल यांच्यासमोर होतो. खुर्च्या दोन होत्या. एका खुर्चीवर सुखीबाई बसली, दुसरी रिकामी राहिली, कारण ज्याच्यासाठी ती होती तो माणूस खिडकी ते दार असा फिरत होता. मी सगळं सांगितलं. प्रबंधाचाही उल्लेख केला. डॉक्टरांनी तो विषय सौजन्यानं ओलांडला.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले. "देशी औषध?"

"नाई म्हणलं होतं," सासरे खिडकीपासून म्हणाले.

"हं. आजी, चूर्ण आणलंय?"

सुखीबाईनं पुडी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी चिमूटभर हातावर घेतलं, वास घेतला, बारीक आहे की भरड ते चोळून पाहिलं. "दुधात उकळून?"

"मंग का पान्यात उकळू?"

"साल काढलेली दिसते."

"डोये चांगले हायेत तुमचे," सुखीबाई म्हणाली. कुठल्याही डॉक्टरला तिनं दिलेलं ते बहुधा पहिलं प्रमाणपत्र.

डॉक्टर मग इंद्रजीतकडे वळले. "गोळीत दोन औषधं असतात. एक असली, आणि दुसरं त्याच्यासोबतचा पहारेकरी. असली औषध मेंदूत पोचायच्या आधी वाटेतच संपू नये म्हणून तो असतो. पण तो फक्त गोळीतल्याच औषधावर पहारा करतो असं नाही. बीतून आलेल्यालाही तो सुखरूप पोचवतो. म्हणजे यांना दोन माणसांचं नाही, पाच माणसांचं मिळालं. हे हलणं म्हाताऱ्याचं नाही, औषधाचं आहे. उतरेल."

"मंग मले दोष कायले?" सुखीबाई म्हणाली.

"तुम्हाला नाही, आजी. तुम्ही हात बघून थांबवता, मी पंधरा दिवसांनी बघून थांबवतो, पण हे परत आलेच नाहीत. दोघांचीही पद्धत ठीक आहे. दोन्हींच्या मधून हे गेले."

त्यांनी चूर्ण पूर्ण बंद केलं, गोळी कमी केली आणि वेळा नव्यानं लिहून दिल्या. "थोडा कंप परत येईल," ते सासऱ्यांना म्हणाले. "तो मी सगळा काढणार नाही. काढायला गेलो तर हे असं फिरावं लागेल."

सासरे पहिल्यांदाच टेबलासमोर थांबले. म्हणजे पाय थांबले. खांदा चालू होता. "किती येईन?"

"सांगता येत नाही. चमचा धरता येईल."

"कप?"

"अर्धा भरलेला."

सासऱ्यांनी मान हलवली. ती औषधानं हलली की त्यांनी हलवली, हे त्या दिवसांत सांगणं कठीण होतं. पण मग ते बोलले, लेकाकडे न पाहता, टेबलावरच्या पुडीकडे पाहत.

"मले मालूम होतं, डॉक्टरसाब. दहाव्या-बाराव्या रोजीच समजलं का हे काई बरोबर नाई. झोप गेली. पाय मले इचारत नाई. देवाले हात जोडाले उभा राह्यलो तं देवाले चक्कर मारून आलो. पन चहा सांडत नव्हता ना. मंग मी कोनाले सांगू? बंद केली असती, अन् पोरगा आला तवा सांडला असता तं?"

इंद्रजीत फोन काढून त्याच्याकडे पाहू लागला. फोन बंद होता.

परत निघताना सुखीबाई आणि रंजिता माझ्या गाडीत बसल्या. इंद्रजीतच्या गाडीत सासरे पुढं. रस्ता लांबचा, म्हणून मीही त्याच गाडीत मागं बसलो आणि माझी गाडी रंजिताकडे दिली. ठरल्याप्रमाणे नागपूर. त्यांची बॅग इंद्रजीतनं सकाळीच डिकीत टाकली होती. माझं काम वाटेत त्यांना धरून ठेवण्याचं होतं, कारण पट्टा लावूनही ते सीटवर बसलेत असं वाटत नव्हतं; सीटनं त्यांना कसंबसं पकडून ठेवल्यासारखं होतं. गुडघा डॅशबोर्डवर आपटत होता. हात दाराच्या खटक्यापाशी जाई, परत येई. इंद्रजीत एकदा गाणी लावी, एकदा बंद करी. काच खाली, काच वर. बापाची चुळबुळ लेकाला लागली होती आणि मलाही बसल्या जागी पाय हलवत राहावंसं वाटत होतं.

नागपूरला जायला कळंबचा रस्ता धरावा लागतो. तो फाटा आला. इंद्रजीतनं इंडिकेटर दिला, बंद केला, मागचा ट्रक कर्कश हॉर्न वाजवत निघून गेला, आणि त्यानं गाडी चौकातून फिरवून, आलो होतो त्याच दिशेला परत घेतली. शहर ओलांडलं. नेरच्या रस्त्याला लागलो.

चार-पाच किलोमीटर गेल्यावर सासऱ्यांनी बाहेर पाहिलं.

"हा नागपूरचा रोड नाई."

"माहीत आहे."

"चुकला काय?"

"नाही, बा." इंद्रजीतनं गाणी बंद केली. "चार दिवसांची सुट्टी टाकतो. गोळ्यांच्या वेळा बसवून देतो. मग पाहू."

"चहाचं काय?"

"सांडू द्या."

सासऱ्यांचा खांदा दोनदा उडाला. त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला आणि समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं.

"मंग थर्डवर काहून घेऊन राह्यला?" ते म्हणाले. "चौथा टाक. इंजिन रडून राह्यलं."

इंद्रजीतनं चौथा टाकला.